कापडाची फुले, वैशाखातले लग्न

मराठी लग्नात फुलाला दोन वेगवेगळी कामे असतात आणि ती वेगळी ओळखल्याशिवाय कापडी फुलांचा विचार नीट करता येत नाही. एक फूल वाहण्याचे असते: गौरीहरासमोर, कलशावर, देवकाच्या पूजेत वाहिले जाणारे हे फूल ताजेच हवे, कारण ते अर्पण असते आणि अर्पण केलेली वस्तू कोमेजणे हाच तिचा धर्म आहे. दुसरे फूल लेण्याचे असते: वेणी, गजरा, मुंडावळ्या, हळदीच्या दिवशीचे फुलांचे दागिने, फेट्यावरचा तुरा, पाहुण्यांच्या छातीवर लावायची छोटी फुले, करवलीच्या हातातल्या कऱ्ह्याची सजावट. या दुसऱ्या प्रकारात फुलाचे काम दिवसभर, कधी कधी दोन दिवस, एकाच रूपात टिकून राहण्याचे असते, आणि नेमके हेच काम खऱ्या फुलाला जमत नाही. बेताच्या खर्चातल्या लग्नासाठी घरी कापडी फुले करायची असतील तर ती या दुसऱ्या कामासाठी करावीत. वरमाला आणि पूजेची फुले बाजारातून ताजीच आणावीत. तेथे कापड वापरल्याने पैसे फारसे वाचत नाहीत आणि विधीचा भाव मात्र उणावतो.

रायपूरसारख्या शहरात ही गोष्ट विशेष लागू पडते, आणि त्याचे कारण हवामानात आहे. छत्तीसगडच्या मैदानी भागात लग्नांचा मोठा हंगाम अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, म्हणजे एप्रिल-मेमध्ये असतो, आणि मे महिन्यात येथील दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या पुढेच राहते. फुलाची पाकळी ताठ दिसते ती तिच्या पेशींमध्ये पाणी गच्च भरलेले असते म्हणून. देठ तोडल्यावर खालून येणारे पाणी थांबते, वरून कोरडी तप्त हवा पाणी ओढून घेत राहते, आणि पेशींतला दाब उतरला की पाकळी लोळागोळा होते. सकाळी माळलेला मोगऱ्याचा गजरा दुपारच्या मुहूर्तापर्यंत काळवंडतो आणि तो बदलायचा म्हणजे दुसऱ्यांदा पैसे मोजायचे. कापडाला गमवण्यासारखे पाणीच नसल्यामुळे ही अडचण त्याला येत नाही. म्हणजे रायपूरच्या वैशाखात कापडी वेणी ही खऱ्या वेणीची स्वस्त नक्कल ठरत नाही. त्या हवेत तीच अधिक योग्य वस्तू ठरते, आणि हे एकदा मनाने घेतले की कापडाचे फूल करताना ते हुबेहूब खऱ्यासारखे दिसावे हा आग्रहही आपोआप सुटतो.

रायपुरातल्या मराठी वस्तीची मुळे भोसल्यांच्या काळापर्यंत जातात. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी १७४१ मध्ये रतनपूरवर चढाई केली, पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा करीपर्यंत हा प्रदेश नागपूरच्या सत्तेखाली होता. त्या निमित्ताने आलेली आणि नंतर नोकरी-व्यवसायासाठी येत राहिलेली मराठी घराणी तात्यापारा आणि त्याच्या आसपासच्या जुन्या वस्त्यांत स्थिरावली. चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ आजही त्यांच्या सण-समारंभांचे ठिकाण आहे. या घरांतल्या लग्नांत मुंडावळ्या, अंतरपाट आणि मंगलाष्टके तशीच राहिली, परंतु कापड, दोरा, रंग आणि कारागीर मात्र छत्तीसगडचे झाले. कापडी फुलांच्या कामात हा मिलाफ फार उपयोगाचा पडतो.

डोक्यावरचे लग्नचिन्ह ताज्या फुलांचे नसावे ही कल्पना या दोन्ही परंपरांत आधीपासून आहे. महाराष्ट्रातले बाशिंग भेंडाचे, म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या एका वनस्पतीच्या पांढऱ्या, हलक्या गराचे करतात आणि त्यावर बेगड व रंगीत कागद लावतात. छत्तीसगडमधला मौर छिंदाच्या पानांचा असतो. छिंद म्हणजे मराठीतली शिंदी. तिच्या पानाच्या लांबट पट्ट्या एकमेकींत दुमडून, ओवून, त्यांचे कंगोरे उभे करून हा मौर तयार होतो, आणि त्यात फुलासारखे दिसणारे जे आकार असतात ते सगळे केवळ घडीतून निर्माण झालेले असतात. अक्षय्य तृतीयेला छत्तीसगडमध्ये अक्ती म्हणतात. त्या दिवशी मुले पुतरा-पुतरीचे, म्हणजे मातीच्या बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात, आणि त्याआधीच्या दिवसांत रायपूरच्या गोल बाजारात अशा बाहुल्या आणि त्यांच्यासाठीचे इवलेसे मौर विकायला येतात. कापडी फूल शिकू पाहणाऱ्याने तो बोटभर मौर हातात घेऊन नीट पाहावा, कारण पट्टी कोठे दुमडली म्हणजे टोक उभे राहते आणि कोठे दाबली म्हणजे ते वळते, हे त्यात स्पष्ट दिसते.

आता कापडाकडे वळावे, कारण घरच्या कामात सर्वांत जास्त नुकसान होते ते कापडाचा स्वभाव न ओळखता पद्धत निवडल्यामुळे. बाजारात कापडाला जी नावे असतात त्यांतली काही धाग्याची असतात आणि काही विणीची, आणि या दोहोंची गल्लत नेहमी होते. सॅटिन हे धाग्याचे नाव नाही; ती एक वीण आहे, ज्यात एक धागा चार किंवा अधिक धाग्यांवरून लांब उडी मारून मग एकाखालून जातो. या लांब उड्यांवर प्रकाश सलग पडतो म्हणून सॅटिन चमकते, आणि धागे एकमेकांत फार वेळा अडकलेले नसल्यामुळेच ते कापल्याबरोबर काठाने उसवू लागते. ऑर्गंझा म्हणजे पिळदार बारीक धाग्यांची विरळ, कडक वीण. या दोन्ही विणी रेशमाच्याही असू शकतात, परंतु पंडरीच्या कापडबाजारात स्वस्त दराने मिळणारे सॅटिन आणि ऑर्गंझा बहुधा पॉलिएस्टरचे असते.

धागा कोणता हे ओळखण्याची घरगुती परीक्षा जुनी आणि खात्रीची आहे. कापडाचे दोन-चार धागे ओढून काढावेत, चिमट्यात धरावेत, खाली पाण्याची ताटली ठेवावी आणि धाग्यांना ज्योत लावावी. सूत कागदासारखे भरकन जळते, जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशीम सावकाश, आकसत जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि काळसर, बोटाने चुरडता येणारा खडा उरतो. पॉलिएस्टर आधी वितळते, थेंबासारखे गोळा होते आणि थंड झाल्यावर कडक मणी बनते. हा मणी चुरडत नाही. पॉलिएस्टर सुमारे अडीचशे अंशांच्या पुढे वितळते आणि मेणबत्तीची ज्योत त्याहून कितीतरी जास्त तापलेली असते, म्हणूनच मेणबत्तीजवळ नेलेली सॅटिनची पाकळी काठाने बंद होऊन आत वळते. हीच युक्ती सुती कापडावर केली तर पाकळी पेटते, आणि रेशमावर केली तर काठ करपून काळा पडतो. मेणबत्तीची फुले फक्त वितळणाऱ्या कापडाची करावीत हा नियम येथून येतो, आणि हे काम करताना अंगावर सैल ओढणी नसावी, पंखा बंद पण खिडकी उघडी असावी, जवळ पाण्याचे भांडे असावे, हे ओघाने आलेच.

या पद्धतीत साधारण सात, सहा, पाच आणि चार सेंटिमीटर व्यासाची वर्तुळे कापतात. प्रत्येक वर्तुळाला कडेपासून मध्याकडे चार-पाच चिरा देतात, परंतु मध्यभाग सांधलेला ठेवतात, आणि मग प्रत्येक काठ ज्योतीच्या बाजूने, ज्योतीला न टेकवता, हळूहळू फिरवतात. नवशिक्याकडून होणारी चूक म्हणजे पाकळी ज्योतीच्या टोकावर धरणे. त्यामुळे काठावर काजळी बसते आणि फिकट रंगाचे फूल मळके दिसते. ज्योतीच्या शेजारी, निळसर बुडाच्या जवळ काठ धरला तर काजळी येत नाही. नंतर मोठ्यावर लहान अशी वर्तुळे चढवून मध्ये दोन-तीन टाके घालतात आणि टाक्यांवर मोती किंवा मणी बसवतात. हे फूल पाहुण्यांच्या छातीवर लावण्यासाठी चांगले, कारण ते लवकर होते आणि धक्क्याने बिघडत नाही. वेणीत मात्र त्याचा कडक काठ केसांत अडकतो.

छत्तीसगडमध्ये ज्या कापडाचा अभिमानाने उल्लेख होतो ते कोसा म्हणजे टसर रेशीम. त्याचा किडा तुतीवर वाढत नाही. तो अर्जुन आणि साजा या रानातल्या झाडांवर वाढतो, आणि साजा म्हणजे मराठीतला ऐन. चांपा, कोरबा, रायगढ ही या विणकामाची नावाजलेली ठिकाणे, आणि महाराष्ट्रात भंडारा जिल्ह्यातही टसर विणण्याची परंपरा आहे. कोशाचा मूळ रंग मधासारखा, धागा किंचित जाडाभरडा, कोठे जाड तर कोठे बारीक, त्यामुळे या कापडाला एक संथ, मंद चमक असते. फुलांच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा की ते घडी धरून ठेवते: नखाने दाबून मोडलेली रेघ तशीच राहते. अखंड कोसा घेऊन त्याची फुले करणे बेताच्या खर्चात बसणार नाही, आणि तसे करूही नये; परंतु कोशाचे ब्लाउज आणि कुर्ते शिवणाऱ्या शिंप्याकडे हातभर लांबीच्या कतरणी साठलेल्या असतात, आणि जुन्या विटलेल्या कोसा साडीचा पदर फाटला असला तरी निऱ्यांचा भाग बहुधा धड असतो. आजीच्या साडीतून नातीची वेणी होणे यात काटकसर तर आहेच, परंतु ती साडी पुन्हा एकदा मांडवात येते, याचे मोल कोणत्याही घराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कोशासाठी योग्य पद्धत घडीची. तिचे सर्वांत परिष्कृत रूप जपानमध्ये दिसते. तेथे रेशमाचे छोटे चौकोन चिमट्याने दुमडून, तांदळाच्या खळीने चिकटवून केसांत माळायची फुले करण्याची कला एदो काळापासून चालत आली आहे, आणि क्योतोतल्या नर्तिका महिन्यामहिन्याला त्या ऋतूचे फूल माळतात. तत्त्व अगदी साधे आहे: चौकोनाचा त्रिकोण, त्रिकोणाचा अर्धा त्रिकोण आणि त्याचाही अर्धा त्रिकोण, असे तीनदा दुमडले की एक टोकदार पाकळी मिळते. कापडाची चिरलेली सगळी बाजू खाली एकत्र येते आणि ती चिकटवून किंवा टाचून टाकली की उसवण्याचा प्रश्नच राहत नाही. अशा पाच पाकळ्यांचे एक फूल. कोसा दुमडण्याआधी त्याला पातळ खळ द्यावी. वाटीभर पाण्यात चमचाभर साबुदाणा शिजवून, गाळून, ते पाणी कापडाला लावावे, कापड सावलीत वाळवावे आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करावी. खळ कापल्यानंतर दिली तर काठ आधीच विस्कटलेले असतात, म्हणून आधी खळ, मग कात्री, हा क्रम सोडू नये.

तिसरी पद्धत धावदोऱ्याची. कापडाची लांब पट्टी घेऊन तिच्या एका काठाला धावदोरा घालायचा, दोरा ओढून चुण्या पाडायच्या आणि पट्टी स्वतःभोवती गुंडाळत खालून टाके घालत जायचे. पट्टी उभ्या धाग्यावर सरळ कापली तर काठातून धागे निसटतात आणि गुंडाळी ताठ राहते. म्हणून ती उरेब, म्हणजे कापडाच्या दोन्ही धाग्यांना तिरपी, कोनात सांगायचे तर पंचेचाळीस अंशांत कापतात. उरेब पट्टी ताणली की लवते, तिचा काठ फार उसवत नाही आणि वळणावर ती पाकळीसारखी पडते. जुन्या मऊ सुती साड्यांची फुले याच पद्धतीने चांगली होतात. बस्तरच्या पनिका विणकरांचे आलाच्या मुळीने रंगवलेले जाड तांबूस सुती कापड मिळाले तर त्याची मोठी गुंडाळलेली फुले मांडवाच्या तोरणात फार शोभतात. केसांत मात्र ती जड होतात.

कोणते फूल करावे याविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. हाताने केलेल्या बहुतेक कापडी फुलांत गुलाबच दिसतो, आणि गुलाब हा बाजारातल्या यंत्रनिर्मित फुलांतही सर्वांत स्वस्त मिळतो, त्यामुळे घरी तासन् तास खपून केलेला गुलाब बाजारातल्या गुलाबाशेजारी उगाचच फिका पडतो. त्याऐवजी जे फूल बाजारात कापडाचे मिळतच नाही ते करावे. रायपूरच्या परिसरात फाल्गुनात पळस पेटतो. येथे त्याला परसा म्हणतात. त्याची रचना पाहिली तर ते फूल जणू कापडासाठीच घडले आहे. त्याला पाच पाकळ्या असतात: एक मोठी, मागे वळलेली, दोन बाजूंच्या, अरुंद पंखांसारख्या, आणि उरलेल्या दोन एकत्र जुळून पोपटाच्या चोचीसारखा बाक घेतात. खाली काळपट, मखमली पेला असतो. कापडात चोच करण्यासाठी चंद्रकोरीच्या आकाराचे दोन तुकडे बाहेरच्या बाकावर शिवावेत, उलटवावेत आणि आत नखभर कापूस सारावा. अधिक भरला तर चोच फुगून मिरचीसारखी दिसते. बाजूचे पंख एकेरी कापडाचे ठेवावेत. मागची पाकळी उरेब कापावी, म्हणजे ती बोटाने मागे मोडली की तशीच लवून राहते. मग तिन्ही भाग तळाशी टाचून, तीन सेंटिमीटर व्यासाच्या काळपट मखमलीच्या गोल तुकड्याच्या काठाला धावदोरा घालून तो पिशवीसारखा तळाभोवती आवळावा. पाच-सहा सेंटिमीटरचे हे फूल नवरीच्या अंबाड्यावर तीन फुलांच्या झुपक्यात लावले तर दुसऱ्या कशाची गरज राहत नाही.

त्याचा रंगही पळसाचाच देता येतो. वाळवलेली पळसफुले रात्रभर भिजवून उकळली की पिवळसर केशरी पाणी निघते. कोशाचे किंवा सुताचे कापड आधी तुरटीच्या पाण्यात मुरवले, कापडाच्या वजनाच्या साधारण दहावा ते सातवा हिस्सा तुरटी घेतली, म्हणजे रंग धरतो. पॉलिएस्टर या रंगाला दाद देत नाही. पळसफुले फाल्गुनात गोळा करून सावलीत वाळवून ठेवली तर वैशाखातल्या लग्नाच्या तयारीला ती नेमकी हाताशी येतात.

आता मुंडावळ्या. वधूवरांच्या कपाळावर बांधायची ही माळ दोन्ही कानशिलांवरून खाली लोंबते आणि विधी संपेपर्यंत ती काढायची नसते, म्हणून येथे वजनाचा विचार सौंदर्याच्या आधी करावा. मण्यांनी लगडलेल्या मुंडावळ्या तासाभरात कपाळाला काचतात. कापडी कळ्यांच्या मुंडावळ्या पिसासारख्या हलक्या असतात. कळी अशी करतात: पाच सेंटिमीटरचा चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करायचा, दुमड वरच्या बाजूला ठेवायची, मग डावे टोक तिरपे खाली आणायचे, उजवे टोक त्याच्यावरून खाली आणायचे, आणि खालच्या सगळ्या पदरांतून एक धावदोरा घालून आवळायचा. दोरा आवळताच वरचा भाग फुगून दोन पाकळ्या एकमेकींवर झाकलेल्या कळीसारखा दिसतो. खाली दोऱ्याचे तीन-चार वेढे देऊन गाठ मारायची आणि कळी रेशमी गोफाला टाचायची. कपाळावरचा भाग साधारण अठ्ठावीस सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंचे लोंबते पदर प्रत्येकी चाळीस सेंटिमीटर धरले, दर चार सेंटिमीटरला एक कळी लावली, तर कपाळावर सात आणि पदरांत वीस अशा एका मुंडावळीला सत्तावीस कळ्या लागतात. दोघांच्या मिळून ५४. एकशे बारा सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडात पाच सेंटिमीटरचे २२ चौकोन एका ओळीत बसतात, तेव्हा तीन ओळींत, म्हणजे अवघ्या १५ सेंटिमीटर लांबीच्या कापडात, वधूवर दोघांच्या मुंडावळ्या होतात आणि वर बारा चौकोन चुकण्यासाठी उरतात.

या हिशेबाची दुसरी बाजू मात्र वेळेची आहे, आणि घरच्या कामात तीच सहसा विसरली जाते. एका कळीला चार मिनिटे धरली तर ५४ कळ्यांना २१६ मिनिटे, म्हणजे साडेतीन तासांहून थोडे अधिक लागतात. आठ सेंटिमीटरच्या चौकोनांची पाच पाकळ्यांची फुले घेतली तर त्याच पन्ह्याच्या एक मीटर कापडातून १६८ चौकोन आणि त्यांतून ३३ फुले निघतात. एका फुलाला पंधरा मिनिटे धरली तर सव्वाआठ तास. थोडक्यात, एक मीटर कापड म्हणजे एका माणसाचा एक पूर्ण दिवस. कापड स्वस्त आहे म्हणून पाच मीटर आणून ठेवणाऱ्या घरात लग्नाच्या आदल्या रात्री जागरण करून बोटे भाजून घेण्याची पाळी येते ती याच कारणाने. आधी दिवस मोजावेत, मग मीटर.

हातांच्या कामाला किंमत नाही असे मानण्याचा इतिहास या व्यवसायात दुःखद आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात कापडी फुलांचा मोठा धंदा होता, आणि पाने हिरवीगार दिसावीत म्हणून त्यांवर आर्सेनिक असलेली हिरवी पूड लावली जाई. लंडनमधील मटिल्डा शोरर ही एकोणीस वर्षांची फुले करणारी मुलगी नोव्हेंबर १८६१ मध्ये त्याच विषाने मरण पावली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या दाटीच्या चाळींत कुटुंबेच्या कुटुंबे, लहान मुलांसह, कवडीमोल मजुरीवर कृत्रिम फुले करीत असत, आणि लुईस हाइन यांच्या छायाचित्रांमुळे ते दृश्य जगासमोर आले. लग्नघरात फुले करणे ही गोष्ट अर्थातच वेगळी आहे. तेथे मावशी, आत्या, वहिनी, करवल्या एकत्र बसतात, आणि त्या बसण्यातच लग्नाचा निम्मा आनंद असतो. परंतु सगळ्या कळ्या एकाच सुगरण हाताच्या वहिनीवर लोटल्या जाऊ नयेत. एकीने कापणे, दुसरीने दुमडणे, तिसरीने टाचणे अशी वाटणी केली तर काम वेगाने होते, शिवाय फुले एकसारखी होतात, कारण प्रत्येक टप्पा एकाच हाताखालून जातो. आणि शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडून काही फुले करून घ्यायची असतील तर नगावर नव्हे, तासांवर विचार करून मोबदला ठरवावा.

जोडणीविषयी रायपूरच्या उन्हाचा पुन्हा एकदा विचार करावा लागतो. ग्लू गनने चिकटवलेली फुले झटपट होतात, परंतु त्यातला डिंक उष्णतेने मऊ होणाराच असतो, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतली हवा इतकी तापते की काचेजवळ ठेवलेल्या ताटातली फुले एकामागून एक सुटून येतात. जे डोक्यावर, छातीवर किंवा हातावर राहायचे आहे ते टाचलेलेच असावे. डिंक फक्त रुखवताच्या ताटातल्या स्थिर वस्तूंसाठी ठेवावा. फुलाच्या पाठीमागे बकरमचा, म्हणजे कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाचा, गोल तुकडा लावून त्यावर पिन शिवली तर फूल मान टाकत नाही. शिवून झालेले फूल उलटे धरून दहा वेळा झटकावे. जे या झटक्यांत सैल होते ते वरातीत नक्की पडते.

हळदीच्या दिवसासाठी एक सावधगिरी वेगळी सांगितली पाहिजे. हळदीतला पिवळा रंग सुताला आणि रेशमाला फार लवकर चिकटतो, आणि डाग पडलेले फूल घाईने साबणाने धुतले तर पिवळ्याचा लाल होतो, कारण क्षार लागला की हळद लाल पडते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणावर. म्हणून हळदीचे दागिने पांढऱ्या कापडाचे करू नयेत. ते मुळातच पिवळ्या-केशरी कापडाचे, शक्य तर पॉलिएस्टर ऑर्गंझाचे करावेत, ज्याला हळद कमी धरते. कोशावर डाग पडलाच तर साबण न लावता गार पाण्याने धुऊन ते फूल दिवसभर उन्हात ठेवावे. हळदीचा रंग उन्हाने विटतो, आणि रायपुरात त्या दिवसांत उन्हाची कमतरता नसते. फुलांच्या मध्यभागी मोत्यांऐवजी कवड्या लावण्याची कल्पनाही येथे चांगली बसते. छत्तीसगडच्या राऊत नाच्याच्या पोशाखात आणि बस्तरच्या दागिन्यांत कवडीला मानाचे स्थान आहे, ती हळदीने मळत नाही आणि पिवळ्यावर तिचा पांढरा रंग उठून दिसतो.

लग्न उरकल्यावर कापडी फुले फेकली जात नाहीत, आणि म्हणूनच ती कशी ठेवावीत हाही या विद्येचाच भाग आहे. जूनच्या मध्यावर रायपुरात पाऊस सुरू होतो, हवा दमट होते, आणि ज्या फुलांच्या देठात साधी तार असते त्यांच्या तळाशी गंजाचे तांबूस डाग उमटतात. त्यापूर्वी फुले वेगळी करून तार काढून टाकावी. खळ दिलेल्या कापडाला झुरळे शोधून काढतात, तर कोशाला कसर लागते, कारण रेशीम हे प्राणिज प्रथिन आहे आणि कसरीच्या अळ्या तेच खातात. तेव्हा खळ दिलेले फूल गार पाण्यात बुचकळून खळ काढावी, सावलीत कोरडे करावे, जुन्या धोतराच्या मऊ सुती तुकड्यात सैल गुंडाळावे आणि कडुनिंबाची वाळलेली पाने घालून पत्र्याच्या डब्यात ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो, म्हणून ती टाळावी. मुंडावळ्या गुंडाळताना कळ्या एकाच दिशेने राहतील असे पाहावे. पुढे डोहाळजेवणाला ओटीच्या ताटाभोवती किंवा बारशाला पाळण्याच्या दोरीवर बांधण्यासाठी त्या बाहेर काढल्या की हलकेच वाफ देऊन बोटाने उघडल्या तरी पुरते.